धावता पट्टा घ्यावा, पण मोजून

गेल्या आषाढात आमच्या घरात एक ठराव एकमताने संमत झाला. सूचक आमच्या सौभाग्यवती, अनुमोदक आमच्या मातोश्री. आणि जिच्याविरुद्ध तो होता त्या आमच्या धाकट्या कन्येस मताचा अधिकारच ठेवलेला नव्हता, म्हणून एकमत. ठराव असा की, यापुढे पहाटे साडेचार वाजता अंधारात रस्त्यावर धावावयास जाणे बंद.

ठरावामागे कारण होते. कन्येची नोकरी गच्चीबावलीस. बरकतपुऱ्याहून तेथे वेळेवर पोहोचावयाचे तर साडेसातास घर सोडावे लागते आणि परतावयास रात्रीचे आठ होतात. धावण्यासाठी उरतो तो ब्राह्ममुहूर्त. दोन वर्षे ती उस्मानिया विद्यापीठाच्या आवारापर्यंत जाऊन धावून येत असे. ऑगस्टच्या अखेरीस आपल्या शहरात जी मॅरेथॉन होते, तिच्यातील एकवीस किलोमीटरची अर्धी शर्यत दोन तास दहा मिनिटांच्या आत पुरी करावयाची, हा तिचा पण. शर्यतीस सात आठवडे उरले असताना एके पहाटे भटकी कुत्री मागे लागली, त्यांना चुकविताना पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पाय गेला आणि घोटा मुरगळला. हाड मोडले नाही हे नशीब. परंतु महिनाभर घोट्याला पट्टी राहिली आणि शर्यत हुकली. त्या रविवारी ती दिवसभर कोणाशी चार शब्दही बोलली नाही. पुढल्या ऑगस्टची तयारी करावयाची तर घरातच काही सोय हवी, म्हणून ट्रेडमिलचा विषय निघाला. "बाबा, तुम्हीच बघा. तुम्हांला मोजमापांची हौस आहे," असे म्हणून तिने ते काम आमच्यावर सोपविले.

आम्ही ते आनंदाने पत्करले असे म्हणता येणार नाही. आमच्या वहीत या विषयाचे एक पान आधीच काळे झालेले होते. २०२० च्या टाळेबंदीत, उद्याने बंद आणि मैदाने बंद अशा दिवसांत, आम्ही केवळ छायाचित्र पाहून तेवीस हजारांचे एक यंत्र मागविले होते. छायाचित्रात एक बलदंड तरुण त्यावर हसत धावत होता. प्रत्यक्षात त्या यंत्रावर आमची कन्या धावू लागली की समोरचा खांब ताबुताप्रमाणे डुलू लागे. चार महिन्यांत त्याच्या आतील विजेची पाटी जळाली. दुरुस्तीचा माणूस "आज येतो, उद्या येतो" करीत वर्षभर आला नाही. पुढे त्या यंत्राच्या एका दांडीवर टॉवेल, दुसरीवर मातोश्रींची जपाची पिशवी आणि पट्ट्यावर आमच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, अशी त्याची सोय लागली. शेवटी भंगारवाल्याने लोखंडाच्या भावाने अठराशे रुपये दिले. म्हणून या खेपेस आम्ही निश्चय केला की, छायाचित्र पाहावयाचे नाही. हातात फीत आणि खिशात खडू घेऊन दुकाने पालथी घालावयाची, आणि कन्येला बरोबर न्यावयाचे, कारण धावणार ती आहे.

घरातल्या घरात व्यायाम करणे आपल्या हैदराबादी मराठी कुटुंबांस नवे नाही. वेदांचे व्यासंगी पंडित सातवळेकर विसाव्या शतकाच्या आरंभी या शहरात राहत होते आणि पुढे औंधास गेल्यावर त्यांनी सूर्यनमस्कारांचा केवढा प्रचार केला हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. सूर्यनमस्कारास एक सतरंजी पुरते. मग पाऊण लाखाचे यंत्र कशाला, असा प्रश्न आमच्या मातोश्रींनी विचारला आणि तो अगदी योग्य होता. प्रकृती राखण्यापुरता व्यायाम हवा असेल तर सतरंजी घ्यावी, असेच आम्हीही म्हणू. चालावयाचे असेल तर इंदिरा पार्क आहे, बाग-ए-आम आहे. परंतु ज्यास एकवीस किलोमीटर धावावयाचे आहे त्यास धावण्यावाचून दुसरा उपाय नाही. पोहणे शिकावयाचे तर पाण्यात उतरावे लागते, तशातलीच ही गोष्ट.

या यंत्राची कुळकथा मोठी विलक्षण आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातील कैद्यांसाठी पायऱ्यांचे एक प्रचंड चाक काढले. कैद्यांनी तासन्‌तास त्या पायऱ्या चढत राहावयाच्या आणि चाक फिरवावयाचे. कोठे त्यावर धान्य दळले जाई, कोठे काहीच नाही. ट्रेडमिल या नावातील 'मिल' म्हणजे ती गिरणी. ऑस्कर वाइल्डसारख्या साहित्यिकालाही १८९५ साली कारावासात हे चाक तुडवावे लागले. पुढे १९५२ च्या सुमारास अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे डॉ. रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी हृदयाच्या परीक्षेसाठी विजेवर फिरणारा पट्टा तयार केला. आमच्या पिढीने ट्रेडमिल प्रथम पाहिली ती तेथेच, हृदयरोगतज्ज्ञाच्या खोलीत. छातीवर तारा चिकटवून 'टी.एम.टी.' करवून घेतलेले वाचक आम्हांस दुजोरा देतील. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही वाढतो, तो डॉ. ब्रूस यांचा क्रम. घरात हे यंत्र आणण्याचे श्रेय विल्यम स्टॉब या अमेरिकन अभियंत्याचे. १९६८ साली डॉ. केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक निघाले. ते वाचून स्टॉब यांनी सामान्य माणसास परवडेल असा पट्टा बनविला. ते २०१२ साली शहाण्णव्या वर्षी निवर्तले.

आता मुद्द्याकडे वळू. दुकानात शिरताच पहिली गोष्ट कानांवर आदळते ती मोटारीची अश्वशक्ती. हिमायतनगरच्या एका दुकानातील विक्रेत्याने आम्हांस पाहताच सांगितले, "साब, चार हॉर्सपावर की मोटर है, हाथी बी दौड़ सकता." आम्ही विचारले, "कंटिन्युअस कितना?" तो किंचित थबकला. "वो... दो समझो साब."

या 'चार'मध्ये आणि 'दोन'मध्ये सगळी मेख आहे. पहिला आकडा 'पीक', म्हणजे मोटार क्षणभर जास्तीत जास्त किती जोर काढू शकेल त्याचा. दुसरा अखंड शक्तीचा, म्हणजे तासभर न थकता ती किती काम करील त्याचा. आमच्या व्यवसायातील उदाहरण द्यावयाचे तर, परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा विद्यार्थी आणि वर्षभर रोज दोन तास वाचणारा विद्यार्थी यांत जो फरक, तोच येथे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात तो जागरणाचा आकडा, आणि तो पुष्कळदा खऱ्या आकड्याच्या दुप्पट असतो. चालण्यासाठी अखंड दोन अश्वशक्ती पुरे होतात. हलक्या शरीराच्या माणसास मंद धावावयाचे असेल तर अडीच हव्यात. रोज तासभर धावणाऱ्यास, विशेषतः वजन पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या पुढे असेल तर, तिनांखाली उतरू नये. याच दुकानात आम्ही विजेचाही हिशेब केला. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तीन म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास. घरातील दिव्यापंख्याचा साधा सहा अँपियरचा सॉकेट २३० व्होल्टवर १३८० वॅटच देतो. तेव्हा जेथे गीझर किंवा वातानुकूलन यंत्र लागते तसा सोळा अँपियरचा सॉकेट, नीट अर्थिंग केलेला, त्या खोलीत आहे की नाही हे यंत्र घरी आणण्यापूर्वी पाहावे. आमच्या जुन्या यंत्राची पाटी जळण्यास आमच्या जुन्या घराची वायरिंगही कारण झाली असावी, असा संशय आम्हांस आता येतो. अर्थात त्यामुळे वर्षभर न आलेल्या माणसाचा दोष कमी होत नाही.

दुसरी गोष्ट पट्ट्याची, आणि धावणाऱ्याच्या दृष्टीने हीच पहिली मानली पाहिजे. ताशी दहा किलोमीटर म्हणजे मिनिटास १६७ मीटर. धावणाऱ्याची पावले मिनिटास साधारण १६५ पडतात असे धरले, तर एक पाऊल एक मीटरचे झाले. ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने, पावले १७० धरली, तर पाऊल पावणेबारा दशांश मीटरच्या, म्हणजे सुमारे ११८ सेंटिमीटरच्या घरात जाते. धावताना मध्ये काही क्षण दोन्ही पाय हवेत असतात, म्हणून प्रत्यक्ष पट्ट्यावर टेकलेल्या पायाचा प्रवास याहून कमी असतो. तथापि माणूस काही यंत्राप्रमाणे एकाच जागी पावले टाकीत नाही. तो घटकेत पुढे सरकतो, घटकेत मागे पडतो. ११० सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यावर त्याच्या पुढेमागे काहीच उरत नाही आणि तो भीतीने पावले आखडू लागतो. आखडलेल्या पावलांची सवय लागली की ती शर्यतीतही सुटत नाही. आम्ही कन्येस निरनिराळ्या पट्ट्यांवर धावावयास लावून पाहिले. १२० सेंटिमीटरवर तिची नजर सारखी पायांकडे जात होती, १३०वर अधूनमधून आणि १४०वर समोर. तिची उंची पाच फूट चार इंच आहे. सहा फुटी तरुणाने दीडशेचाच पट्टा पाहावा. रुंदी चालणाऱ्यास चाळीस सेंटिमीटर चालते. धावणाऱ्यास निदान अठ्ठेचाळीस, आणि पन्नास मिळाली तर सोडू नये. माप घेताना फीत केवळ फिरणाऱ्या पट्ट्यावरच लावावी. दोन्ही बाजूंच्या उभे राहण्याच्या कडा आणि पुढील मोटारीचे झाकण धरून सांगितलेले माप म्हणजे अंगणासकट घराचे क्षेत्रफळ.

खडूचा उपयोग आम्ही सिकंदराबादच्या दुकानात केला. पट्ट्यावर एक ठळक रेघ ओढली, पट्ट्याचा पूर्ण घेर मोजला, तो २.८ मीटर भरला. ताशी दहा किलोमीटरचा वेग खरा असेल तर मिनिटास ही रेघ साठाला थोडी कमी वेळा वर आली पाहिजे. रिकामा पट्टा फिरविला, एकोणसाठ फेरे भरले. मग कन्या त्यावर धावू लागली आणि फेरे झाले छप्पन! पडद्यावर दहाचा आकडा तसाच होता. खरा वेग उतरला होता ताशी नऊ पूर्णांक चार दशांशावर. मोटार तिच्या बावन्न किलोंखाली दबली होती. दुकानाच्या मालकास ही परीक्षा फारशी रुचली नाही. त्याने खडूची रेघ पुसण्यासाठी लगेच फडके मागविले. परंतु तीस हजारांचे यंत्र आणि सत्तर हजारांचे यंत्र यांत फरक काय, हा प्रश्न त्या तीन फेऱ्यांनी आमच्यापुरता निकालात काढला. मोठ्या यंत्रावर हाच प्रयोग केला तेव्हा रिकाम्या आणि भरल्या पट्ट्याच्या फेऱ्यांत आम्हांस फरक मोजता आला नाही.

यंत्राचे स्वतःचे वजनही विचारावे. पंचेचाळीस-पन्नास किलोचे यंत्र ताशी सहाच्या चालीस शांत असते, दहाला हादरते. ऐंशी-नव्वद किलोंच्या पुढे ते जमिनीस धरून राहते. पट्ट्याखालील फळी जाड हवी आणि तिच्याखाली रबराच्या गाद्या हव्यात; ज्याचा घोटा किंवा गुडघा दुखावलेला आहे त्याने हे विशेष पाहावे. पट्टा ज्या रुळांवर फिरतो ते रूळ बारीक असतील तर पट्टा फार मुडपतो आणि बेअरिंगे लवकर तापतात. सहा सेंटिमीटरांच्या आसपास व्यासाचे रूळ चांगले. या गोष्टी कोणत्याही जाहिरातीत पुढे दिसत नाहीत. दिसतो तो रंगीत पडदा, त्यावरील बारा किंवा छत्तीस 'प्रोग्रॅम', गाणी ऐकविणारा कर्णा आणि पाण्याच्या बाटलीची खोबण. कन्येने आपल्या मोबाइलवर गाणी लावली आणि सर्व प्रोग्रॅमांपैकी एकही उघडला नाही.

चढाविषयी मात्र थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण तो हैदराबादचा खास प्रश्न आहे. आपले शहर दख्खनच्या खडकावर वसले आहे, आणि येथील मॅरेथॉनचा मार्ग नेकलेस रोडवरून गच्चीबावलीकडे जाताना एकामागून एक उड्डाणपूल चढत-उतरत जातो. बाहेरगावचे धावपटू या पुलांना भितात. शिवाय घरात धावताना समोरून वारा कापावा लागत नाही, त्यामुळे सपाट पट्टा रस्त्यापेक्षा किंचित सोपा पडतो. १९९६ साली जोन्स आणि डाउस्ट या इंग्रज संशोधकांनी असे दाखविले की, पट्ट्यास एक टक्का चढ दिला असता मोकळ्या रस्त्यावरील श्रमाशी त्याचा मेळ बसतो. मंद वेगास हा फरक नगण्य असतो, ताशी दहा-अकरापुढे तो लागतो. एक टक्का म्हणजे शंभर मीटरांस एक मीटर. बारा किलोमीटर असे धावले म्हणजे १२० मीटर चढून झाले. गोवळकोंड्याची टेकडी साधारण तेवढीच उंच आहे. स्वस्त यंत्रांत हा चढ हाताने द्यावा लागतो, म्हणजे खाली उतरा, मागचे पाय बदला, पुन्हा चढा. उड्डाणपुलाची तयारी अशी होत नाही. धावता धावता बटन दाबून चढ देता येणारे यंत्रच तिला हवे होते. येथेही एक चकवा आहे. 'पंधरा लेव्हल' म्हणजे पंधरा टक्केच असतील असे नाही. आम्ही एका यंत्राखाली फुटपट्टी धरली तेव्हा पंधरावी पायरी जेमतेम आठ टक्क्यांची निघाली. आणि उतार तर बहुतेक यंत्रांत नसतोच. पुलावरून खाली येताना मांड्यांना जो झटका बसतो त्याची सवय पट्ट्यावर होणे नाही. त्यासाठी रस्ताच पाहिजे.

किमतींबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेटीवर छापलेली किंमत ही केवळ खोडण्यासाठी छापलेली असते. 'नव्वद हजार, आज फक्त छत्तीस' अशी पाटी आम्ही तीन महिन्यांच्या अंतराने त्याच दुकानात दोनदा वाचली. पॉवरमॅक्स, कॉस्को, व्हिवा, होरायझन, डेकॅथलॉनच्या दुकानातील डोमियॉस अशी नावे पुष्कळ आहेत. परंतु एकाच नावाखाली वीस-पंचवीस हजारांचेही यंत्र असते आणि लाखाचेही, म्हणून नावावरून निवड करू नये. आम्हांस जे भाव प्रत्यक्ष सांगण्यात आले ते असे. बारा ते वीस हजारांत कठडा नसलेला, पलंगाखाली सरकणारा चालण्याचा पट्टा मिळतो. त्याचा वेग ताशी सहाच्या आसपास संपतो, म्हणून धावणाऱ्याने त्याच्याकडे पाहूच नये. बावीस ते पस्तीस हजारांत जी यंत्रे आहेत त्यांवर बारा किंवा चौदाचा वेग लिहिलेला असतो, पण पट्टा चाळीस-त्रेचाळीस रुंद आणि सव्वाशे सेंटिमीटरांच्या आत. रोज अर्धा तास झपझप चालणाऱ्या गृहस्थास ती उत्तम. अशा गृहस्थाने सत्तर हजार घालविणे हा शुद्ध अपव्यय होय. पंचेचाळीस ते पंचाहत्तर हजारांच्या दरम्यान खरी निवड करावी लागते. येथे पट्टा एकशेतीस ते एकशेचाळीस, मोटार अखंड अडीच ते तीन, चढ बटनाचा. परंतु त्याच किमतीत कोणी पडदा मोठा देतो आणि पट्टा लहान, कोणी उलट. नव्वद हजार ते दीड लाखापर्यंत दीडशेच्या पट्ट्याची, शंभर किलोंहून जड यंत्रे आहेत. आठवड्यास पन्नास-साठ किलोमीटर धावणाऱ्याने किंवा ज्या घरात दोघेतिघे धावणारे आहेत त्यांनी ती पाहावीत. दोन लाखांच्या पुढची व्यायामशाळेची. विजेवाचून पायांच्या जोरावर फिरणारा कमानदार पट्टाही एका दुकानात पाहिला. त्यावर धावणे फारच श्रमाचे आहे आणि त्याचा भाव ऐकून आम्ही आदराने बाजूस झालो.

जुने यंत्र घ्यावे काय, असाही विचार झाला. बंद पडलेल्या व्यायामशाळांची भक्कम यंत्रे निम्म्याहून कमी किमतीस मिळतात. पण ती आमच्या जिन्यातून वर येणार नव्हती. आणि जुन्या सुलतान बाजारातील वाड्यांत राहणाऱ्या वाचकांनी तर आपल्या जिन्याची रुंदी प्रथम मोजावी.

हमीपत्राचे कलम पुरते वाचावे. मोटारीस पाच-दहा वर्षांची किंवा 'आजीवन' हमी देणे कंपनीस सोपे असते, कारण मोटार सहसा जळत नाही. जळते ती विजेची पाटी, आणि तिची हमी वर्षाची असते. आम्ही प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारला: दुरुस्तीचा माणूस हैदराबादेत राहतो काय, आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक आत्ता मिळेल काय? दोन ठिकाणी उत्तर मिळाले की, तक्रार अमुक क्रमांकावर नोंदवावी, 'ऊपर से' माणूस पाठविण्यात येईल. वर म्हणजे कोठे हे त्यांना सांगता आले नाही. तिसऱ्या ठिकाणी मालकाने आतून एका मध्यमवयीन कारागिरास बोलावून समोर उभे केले. तो अंबरपेठेत राहणारा निघाला. आमचा कल त्या दुकानाकडे झुकला तो तेव्हापासून.

परंतु अखेरचा निर्णय आमच्या चार वर्षांच्या नातवामुळे लांबला. थोरल्या चिरंजीवांचा हा मुलगा सुट्टीत आमच्याकडेच असतो आणि फिरणारी कोणतीही वस्तू त्यास वर्ज्य नाही. फिरत्या पट्ट्याच्या मागच्या रुळापाशी लहान मुलाचा हात गेला तर घर्षणाने तळव्याची कातडी निघते. याहूनही भयंकर घडू शकते. अमेरिकेतील पेलोटन कंपनीस २०२१ साली आपली सुमारे सव्वा लाख यंत्रे परत बोलवावी लागली; मुले मागच्या बाजूने यंत्राखाली ओढली जाण्याचे प्रकार घडले होते आणि त्यांत एका बालकाचा मृत्यू झाला होता. हे वाचल्यावर सौभाग्यवतींनी ठराव मागे घेण्याची तयारी दाखविली. "कुत्री परवडली," त्या म्हणाल्या. शेवटी तोड निघाली ती अशी. प्रत्येक यंत्रास एक सुरक्षा-किल्ली असते. तिची दोरी धावणाऱ्याच्या कपड्यास अडकवावयाची, माणूस पडला की किल्ली निघते आणि पट्टा थांबतो. किल्लीवाचून यंत्र सुरूच होत नाही असे यंत्र निवडावयाचे, आणि धावणे संपताच ती किल्ली देवघरातील वरच्या कोनाड्यात ठेवावयाची. यंत्राची मागची बाजू भिंतीकडे करू नये, माणूस मागे फेकला गेला तर मध्ये अडकतो. निदान सहा फूट मोकळी जागा मागे सोडावी. त्यासाठी दिवाणखान्यातून आमचे पुस्तकांचे कपाट हलले. त्याचे दुःख आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

आणखी एक गोष्ट वेळीच लक्षात आली हे बरे झाले. यंत्राची फळी जमिनीपासून वीस सेंटिमीटर उंच, चढ दिला की पुढची बाजू आणखी वर, त्यावर माणूस आणि त्याची उसळी. नेमक्या त्या जागेवर आमचा छताचा पंखा होता. पंखा काढून भिंतीवरचा बसविला. नव्या इमारतींतील बुटक्या छतांच्या घरांत हा हिशेब आधी करावा.

दिवाळीनंतर यंत्र घरी आले. पट्टा एकशेचाळीस बाय पन्नास, मोटार अखंड तीन, चढ बटनाचा, वजन अठ्ठ्याण्णव किलो. किंमत घासाघीस होऊन अडुसष्ट हजार. कन्येने पंचेचाळीस दिले, उरलेले आम्ही. व्यायामशाळेची वर्गणी महिना दोन हजार धरली तर चौतीस महिन्यांत पैसे फिटतात. मात्र तोपर्यंत रोज कोणीतरी त्यावर असले पाहिजे. गेले सहा महिने तरी त्यावर टॉवेल पडलेला नाही. कन्या आठवड्यातून चार दिवस धावते आणि रविवारी उजाडल्यावर, मैत्रिणींबरोबर, बाहेर. तिच्या पाऊण तासास वीज अर्ध्या युनिटाच्या आसपास लागते, हे आम्ही मीटरपाशी उभे राहून पाहिले आहे. महिन्यातून एकदा पट्टा किंचित उचलून खाली सिलिकॉनचे तेल सोडावे लागते. आमच्या मातोश्रींनी सुचविलेले खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल चालत नाही, त्याने पट्टा फुगतो. वीज एकाएकी गेली तर पट्टा थांबतो आणि माणूस पुढे झेपावतो, म्हणून पावसाळ्यात वादळाच्या वेळी धावू नये. पन्नाशी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. आम्ही विचारले, आणि संध्याकाळी अर्धा तास ताशी पाचने चालण्याची परवानगी मिळविली.

एक तक्रार मात्र आलीच. यंत्र आल्यास आठवडा झाला असेल, खालच्या मजल्यावरील तेलुगू आजीबाई जिना चढून वर आल्या. सौभाग्यवतींस त्यांनी फार सौजन्याने विचारले की, मास्तरांनी निवृत्तीनंतरची सोय म्हणून घरात पिठाची गिरणी टाकली आहे काय, आणि टाकली असल्यास ज्वारीचा दर काय आहे? आम्ही त्यांस यंत्र दाखविले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्राखाली इंचभर जाडीची रबराची चटई घातली, आणि साडेचारची वेळ साडेपाचवर नेली.